हजेरी पूर्ण, तरी हरवलेल्या: आमच्या मंडळीतल्या एका ताईंचं प्रकरण

हे ताईंच्या परवानगीने लिहितेय. नाव, गाव, नोकरी यातलं काही देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्यांनी "असं नव्हतं" म्हटलं, ते दुरुस्त केलं. मी आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) भेट-गटात आहे, म्हणजे आजारी, दुःखात असलेल्या, नव्याने आलेल्या लोकांना जाऊन भेटणं हे आमचं काम. या प्रकरणात आमचं बरंच चुकलं आणि थोडंफार बरोबरही आलं. दोन्ही जसं घडलं तसं मांडतेय, कारण दुसऱ्या कुठल्या मंडळीत आत्ता या क्षणी अशी एक ताई मागच्या बाकावर बसलेली असणार याची मला खात्री आहे.

पार्श्वभूमी

ताई साठी ओलांडलेल्या. जवळजवळ पस्तीस वर्षं एकाच मंडळीत, शब्बाथशाळेत (रविवारच्या मुलांच्या बायबल-वर्गात) शिकवायच्या, महिला संघात होत्या, आणि त्यांचे मिस्टर गायनमंडळात खालच्या पट्टीत गायचे. एका मंगळवारी संध्याकाळी मिस्टरांना हार्ट अटॅक आला आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. पाच महिन्यांनी ताई रिटायर झाल्या. ती तारीख आधीच ठरलेली होती, पण दोघांनी मिळून पुढचे जे बेत केले होते त्यातलं काहीच उरलं नव्हतं. अकराव्या महिन्यात घर सोडलं आणि मुलीकडे दुसऱ्या शहरात आल्या, कारण एकटीने राहू नकोस असं सगळेच म्हणत होते. त्याबरोबर ती पस्तीस वर्षांची मंडळीही सुटली, आणि ही गोष्ट नुकसान म्हणून त्या वेळी कुणी धरलीच नाही. मंडळी काय, तिथेही मिळेल, असं लोक सहज बोलून गेले.

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी आयुष्यातल्या बदलांच्या ताणाची एक मोजपट्टी बनवली होती. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला सगळ्यात जास्त, १०० गुण आहेत, रिटायरमेंटला ४५, घर बदलण्याला २०, आणि चर्चमधल्या सहभागात बदल होणं ही सुद्धा एक वेगळी नोंद आहे, तिला १९. ताईंच्या बाबतीत हे चारही एका वर्षाच्या आत झाले. मला विचाराल तर शेवटच्या गोष्टीला १९ फार कमी आहेत, निदान ज्या माणसाचा अख्खा आठवडा मंडळीभोवती फिरायचा त्याच्यासाठी तरी. कारण बाकीची तीन दुःखं जिथे नेऊन ठेवायची ती जागाच चौथ्या बदलात गेली.

अडचण काय होती

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांना उभं राहून ओळख करून द्यायला सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं, आणि आम्हाला वाटलं आपलं काम झालं. त्यानंतर ताई सात महिने एकही रविवार न चुकता आल्या. शेवटून दुसऱ्या बाकावर, डाव्या कडेला बसायच्या, शेजारची जागा पर्स ठेवून रिकामी ठेवायच्या. गाण्याला सगळ्यांबरोबर उभ्या राहायच्या, गीतांचं पुस्तकही उघडलेलं असायचं, फक्त ओठ हलत नसायचे. हे मी आता लिहितेय म्हणजे तेव्हा मला दिसलं होतं असं समजू नका. मला ते नंतर, त्यांनी सांगितल्यावर आठवलं.

तिसऱ्या महिन्यात आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. उपकारस्तुतीची सभा होती, साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, माणसं हवी होती, आणि कुणीतरी सुचवलं की एवढ्या दुःखातून आलेल्या ताई बोलल्या तर किती जणांना धीर मिळेल. मीच फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी उभ्या राहून त्यांनी दोनच वाक्यं म्हटली, देव चांगला आहे आणि त्याने मला सांभाळलं, आणि खाली बसल्या. खूप टाळ्या पडल्या, दोघीतिघी तर रडल्या.

पुढे कितीतरी दिवसांनी ताईंनी सांगितलं की त्या रात्री त्यांना झोप आली नाही, कारण देवाच्या घरात उभं राहून आपण खोटं बोललो असं त्यांना वाटत राहिलं. देव वाईट आहे असं त्यांना म्हणायचं नव्हतं, पण सांभाळलं असंही त्यांना त्या घडीला वाटत नव्हतं, आणि ते सांगायची परवानगी त्या सभेत नव्हती. त्या रात्रीपासून त्यांची प्रार्थना थांबली. आम्ही धीर द्यायला म्हणून जे केलं त्यानेच त्यांचं देवाशी बोलणं तुटलं, हे ऐकल्यावर मला कितीतरी वेळ काही बोलताच आलं नाही.

कळलं कसं

मंडळीतले एक काका वडीलमंडळात (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) आहेत, ते प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, वाटपाला असतात. लागोपाठ दोन महिने ताई पुढे आल्या नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बाकी कुणाजवळ काही न बोलता मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि याबद्दल मी काकांची आजही आभारी आहे, कारण पुढे त्यांच्याशी माझे मतभेद झाले तरी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनीच.

मी भेटायला गेले. पहिला अर्धा तास नातवंडाबद्दल बोलणं झालं. मग मी सरळ विचारलं, ताई, प्रभुभोजनाला का येत नाही? त्या म्हणाल्या, "मला प्रार्थनाच येत नाहीये गं. जीभ हलते, पण पुढं कोणी आहे असं वाटत नाही. मग त्या मेजाजवळ कुठल्या तोंडाने येऊ?"

मी त्यावर काय म्हणाले असेन? मी म्हणाले, असं नाही ताई, तो नेहमी आपल्याजवळ असतो. म्हणजे जे वाक्य त्यांनी स्वतः तीस वर्षं मुलांना शिकवलं तेच मी त्यांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. घरी परतताना वाटेत कळलं की दार उघडलं होतं आणि मीच ते लोटून आले.

कोणते पर्याय समोर होते

आम्ही चौघं बसलो: मंडळीचे पाळक (पास्टर), काका, मी आणि मंडळीतल्या एक मावशी, ज्यांचे मिस्टर नऊ वर्षांपूर्वी वारले. पाळकांचं म्हणणं होतं की ताईंना शब्बाथशाळेत घ्यावं, एवढा अनुभव आहे, सेवेत मन रमलं की माणूस सावरतो. ते मनापासून बोलत होते, त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तसं घडलंय. काकांचं म्हणणं होतं की उपवास-प्रार्थना ठेवावी, साखळीप्रार्थना लावावी. ते असंही म्हणाले की विश्वासणाऱ्याने इतके दिवस शोक करणं बरं नाही, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना बायबलमधल्या पत्रात तसं लिहिलंच आहे. मी म्हणत होते की लगेच समुपदेशकाकडे न्यावं, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी थोडी घाई होती, म्हणजे हे आपल्याकडून निघून कुणा जाणकाराच्या हातात जावं असं मला वाटत होतं. ताईंना परत त्यांच्या जुन्या गावी पाठवावं असाही एक विचार निघाला.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिला विचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. आपण एका प्रौढ बाईबद्दल, तिच्या नकळत, तासभर चर्चा करतोय हे तोवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. बैठक तिथेच थांबवली. ताईंकडे जाऊन आधी माफी मागायची, मग त्यांची हरकत नसेल तर पुढे बोलायचं, असं ठरलं. या सगळ्या प्रकरणात वळण कुठे आलं असं कुणी विचारलं तर मी हाच क्षण सांगेन.

काकांनी जे वचन सांगितलं त्याबद्दल इथे बोललंच पाहिजे, कारण ते फार मंडळ्यांमध्ये असंच वापरलं जातं. १ थेस्सलनीका ४:१३. तिथे पौल 'शोक करू नका' एवढं म्हणून थांबत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका असं म्हणतो. म्हणजे शोक आहे, आशेसकट आहे. आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना, थोड्या वेळात आपण त्याला उठवणार हे माहीत असूनही, येशू रडला, योहान ११:३५. मग आम्ही कोण ताईंना घड्याळ लावणारे? पाळकांनी आणखी एक आठवण सांगितली ती काकांना जास्त भिडली. ऑगस्टीन एवढा मोठा मंडळीचा शिक्षक, ३८७ साली त्याची आई मोनिका वारली तेव्हा त्याने दफनाच्या वेळी अश्रू अडवून धरले, कारण विश्वासी माणसाने रडणं त्याला बरोबर वाटेना. नंतर एकांतात देवासमोर ते फुटले, आणि पुढे त्याने ते न लपवता लिहूनही ठेवलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझ्या आईच्या वेळी मीपण नाही रडलो."

मार्था आणि मरिया

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काय बोलायचं हे ठरवून गेलो नाही, पण जाण्याआधी मी आणि मावशींनी योहानाचा ११वा अध्याय वाचला होता. मार्था आणि मरिया या लाजराच्या दोघी बहिणी येशूला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि शब्दशः एकच तक्रार करतात की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरियेशी तसलं काहीच बोलत नाही, तिला रडताना पाहून स्वतः रडतो. तक्रार तीच, पण उत्तरं दोन. पहिल्या भेटीत मी ताईंना मार्थाचं उत्तर दिलं होतं, आणि त्या तर मरियेसारख्या बसल्या होत्या. कुठलं कुणाला लागतंय हे बसल्याशिवाय कळत नाही, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच नाही.

मावशींनी माफी मागितली. साक्षीबद्दल मी मागितली. ताई रडल्या, आमच्यासमोर पहिल्यांदाच. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. वजन सात किलो कमी झालं होतं, पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, आणि एकदा त्या म्हणाल्या की रात्री झोपताना वाटतं सकाळी उठूच नये. इथे मी थांबले आणि स्पष्ट विचारलं, ताई, जीव द्यावा असं मनात येतं का, काही करायचं ठरवलंय का? असं विचारलं तर उलट माणसाच्या डोक्यात तो विचार घुसेल अशी भीती लोकांना वाटते, पण तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारल्याने माणूस मोकळा होतो, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलं. ताई म्हणाल्या, "स्वतःहून काही करणार नाही, पण देवाने नेलं तर बरं." त्याच आठवड्यात डॉक्टर, यावर मग माझा हट्ट राहिला आणि ताईंनीही मान्य केलं. तसं काही करायचं मनात आहे असं त्या म्हणाल्या असत्या तर आम्ही आठवडाही थांबलो नसतो, त्याच दिवशी घेऊन गेलो असतो.

औषधं आणि विश्वास

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शोक आहेच, पण त्याच्यावर डिप्रेशनही आहे आणि त्याला उपचार लागतील. औषधं सुरू झाली, समुपदेशनही. शोक लांबला म्हणजे आजारच झाला असंही नाही आणि वेळ गेला की आपोआप बरं वाटेल असंही नाही, हे आम्हाला तेव्हा नीट कळलं. शोक दीर्घकाळ आणि इतका तीव्र राहिला की रोजचं जगणं अडतं, त्याला आता वैद्यकशास्त्रात वेगळं निदानच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिने धरतात, अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये मोठ्यांसाठी बारा महिने धरले. आणि शोकाच्या पाच पायऱ्या म्हणून जे सगळीकडे सांगितलं जातं ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलं तेव्हा स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होतं, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हतं. ताईंना कुणीतरी "तुम्ही अजून दुसऱ्या पायरीवरच आहात" असं म्हटलं होतं आणि त्यांना आपण नापास झाल्यासारखं वाटलं होतं.

औषधांची गोष्ट दोघांतिघांच्या कानावर गेली आणि कुजबूज झालीच, की गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडला. पाळकांनी पुढच्या रविवारी कुणाचं नाव न घेता, कुणाकडे बोट न दाखवता एलिया संदेष्ट्यावर संदेश दिला. १ राजे १९. एलिया झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय, आणि देव त्याला ना रागावतो ना समजावतो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, खायला-प्यायला देतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला देतो, कारण वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. आधी शरीराकडे बघितलं, बोलणं नंतर, तेही मंद वाणीत. त्या दिवसानंतर कुजबूज थांबली असं मी म्हणणार नाही, कमी झाली.

आम्ही नेमकं काय केलं

सगळ्यात आधी ताईंनाच विचारलं की काय हवंय. त्या म्हणाल्या, मंगळवारची संध्याकाळ काढवत नाही. मग मी आणि मावशी दर मंगळवारी संध्याकाळी तासभर जायला लागलो. माणसं बदलायची नाहीत असं मुद्दाम ठरवलं, कारण दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे त्यांना ते सगळं पुन्हा जगावं लागलं असतं.

प्रार्थनेचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. मावशींनी बायबलमधलं मार्क २ काढलं, पक्षाघाती माणसाची गोष्ट. चौघं जण त्याला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही तर छप्पर उघडून खाली सोडतात, आणि तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहून त्याला क्षमा केली. आणणाऱ्यांचा विश्वास दिसला. पडलेल्या माणसाने तोवर एक शब्दही काढलेला नाही. मावशी म्हणाल्या, "तू नको करू प्रार्थना. तू बाजेवर पड, आम्ही उचलतो. तुझं आमेनसुद्धा नको." ताईंच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालेलं मला दिसलं.

मग स्तोत्रं. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक-तृतीयांश विलापाची आहेत, पण आमच्या उपासनेत ती जवळजवळ येतच नव्हती, आम्ही स्तुतीची तेवढी निवडून घेत होतो. आम्ही १३व्यापासून सुरुवात केली. त्यात पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. पाचव्या वचनात सूर बदलून भरवशाकडे वळतो, आणि ताई म्हणाल्या, चौथ्यापर्यंतच वाचा, पुढचं मला अजून म्हणता येणार नाही. आम्ही थांबलो. कितीतरी मंगळवार आम्ही चौथ्या वचनालाच पुस्तक मिटलं. नंतर ८८वं वाचलं, जे शेवटपर्यंत उजळतच नाही, अंधारातच संपतं. ताई म्हणाल्या, "हे बायबलमध्ये आहे? आणि मी इतकी वर्षं शिकवत होते!" असलं बोलणं देवाने स्वतःच्या ग्रंथात ठेवून घेतलंय, म्हणजे असं बोलणाऱ्याला तो हाकलत नाही, एवढं त्यांना त्या संध्याकाळी पुरलं.

बाकावरच्या रिकाम्या जागेचंही विचारलं. मला आपलं वाटत होतं की पटकन कुणीतरी शेजारी जाऊन बसावं. ताई म्हणाल्या, नको, राहू दे अजून. पाच रविवार ती तशीच राहिली. सहाव्या रविवारी त्यांनी स्वतः पर्स उचलून मावशींना खूण केली.

जुन्या मंडळीशी नातं तोडायचं नाही, हे समुपदेशकांनी सुचवलं आणि ते आम्हाला सुचलं नव्हतं. उलट पाळकांना आधी वाटत होतं की जुनं सुटल्याशिवाय इथे रुजणार कशा. पण त्यांचे मिस्टर ज्यांनी बघितले, त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला, ती माणसं तिकडेच होती, इथे तर आम्ही फक्त ऐकीव ओळखीचे. ताई आठवड्यातून एकदा तिकडच्या दोन मैत्रिणींशी फोनवर बोलायला लागल्या, आणि मिस्टर गेल्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनी तिकडे जाऊन आल्या. परत आल्यावर जास्त आमच्या वाटल्या.

आणि एक सभा घेतली, फक्त विलापाची. एका शनिवारी संध्याकाळी, स्तोत्र १३, ४२ आणि १३०, मध्ये बराच वेळ शांतता, साक्ष नाही, संदेश नाही, शेवटी ज्याला हवं त्याने आपल्या माणसाचं नाव घ्यायचं. पाचसहा जण येतील असं धरलं होतं, सत्तावीस आले. मूल पोटातच गेलेलं एक तरुण जोडपं होतं, ज्यांच्याबद्दल मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं. नोकरी गेलेला एक जण होता. आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं म्हणून रोज स्वतःला खाणारी एक बाई होती. काका आले आणि त्यांनी आईचं नाव घेतलं. ताईंनी नाव घेतलं तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरलेला होता, बाकी काही नाही.

परिणाम

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. ताईंची झोप सुधारली, वजन बरंचसं परत आलं, औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आलीत पण पूर्ण बंद नाहीत आणि त्याची कुणाला घाईही नाही. प्रभुभोजनाला येतात. प्रार्थना पूर्वीसारखी लांबलचक येत नाही, त्या म्हणतात की आता दोनतीन शब्दच येतात पण ते खरे असतात. गाणं परत आलं, सगळी गीतं नाही. मिस्टरांचं आवडतं एक गीत लागलं की पुस्तक मिटून ऐकत उभ्या राहतात, आणि आता आजूबाजूच्यांना ते माहीत आहे. शब्बाथशाळेला त्यांनी नाही म्हटलं, पाळकांनी एका शब्दाने आग्रह केला नाही. त्याऐवजी गेल्या काही महिन्यांत दोन नवीन विधवा झालेल्या बायकांकडे त्या मावशींबरोबर जाऊन बसतात. मी त्यांना "झेपतंय ना?" असं अधूनमधून विचारते, कारण सेवा सुरू झाली की मंडळी पुन्हा त्या माणसाची चौकशी करणं सोडते.

सगळं नीट झालं असं नाही. एका मंगळवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता, मला माहीत होतं, आणि मी ऑफिसच्या कामात विसरले, फोनही केला नाही. त्यांनी मला काही म्हटलं नाही, मावशींना म्हणाल्या की दिवसभर वाट पाहिली. त्यानंतर आम्ही तारखा लिहून ठेवायला लागलो. आणि नोकरी गेलेला तो मुलगा विलापाच्या सभेनंतर दोनदाच आला, मग यायचा बंद झाला. ताईंच्यात गुंतलेलो असताना त्याच्यामागे कुणी गेलं नाही. तो आता कुठल्या मंडळीत जातो की नाही हेही आम्हाला ठाऊक नाही.

काय वेगळं करता आलं असतं

साक्ष मागायची नव्हती. कुणी स्वतःहून दिली तर गोष्ट वेगळी, पण शोक ताजा असलेल्या माणसाला "बोला, लोकांना धीर येईल" असं आता आम्ही विचारत नाही, आणि साक्षीत "अजून अंधारच आहे" असं म्हणायलाही जागा आहे हे पाळक दर वेळी आधी सांगतात. नवीन माणसाला पहिल्या दिवशी उभं करणंही बंद केलं. त्याऐवजी दोन आठवड्यांत कुणीतरी घरी जातं, आणि तिसऱ्या महिन्यात परत जातं, कारण तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्यांनाच वाटायला लागतं की हा रुळला. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं, तोंड उघडल्यावर चुकलं. माझी पहिली भेट आठवली की मला ते आठवतं.

पण सगळ्यात मोठी चूक आमच्या लक्षात आम्ही आणून दिली नाही, ताईंनी दिली. स्तोत्रांनंतर आम्ही रूथचं पुस्तक वाचत होतो. पहिल्या अध्यायात नामी नवरा आणि दोन्ही मुलं गमावून, विधवा सून रूथबरोबर गावी परत येते आणि बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे 'कडू') म्हणा, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. मावशी वाचत होत्या. ताई मध्येच म्हणाल्या, "थांब जरा. रिकामी कशी? रूथ तिथंच उभी होती की शेजारी. तिचाही नवरा गेलेला होता."

आतल्या खोलीत त्यांची मुलगी बाळाला झोपवत होती. इतके महिने आम्ही त्या घरात जात होतो, तिला "आईला सांभाळते गं तू, किती करतेस" असं म्हणत होतो. तिचे वडील गेले होते. एकदाही, आमच्यापैकी एकानेही, तिला वडिलांबद्दल विचारलं नव्हतं.

त्या मंगळवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकर उठलो. ताईंनी आतल्या दारावर टकटक केली आणि मुलीला विचारलं, "बाबांबद्दल बोलायचं का थोडं?" आम्ही चपला घालून बाहेर पडेपर्यंत आतून दोघींचा आवाज येत होता. पुढच्या मंगळवारपासून बाळाला मी घेऊन बाहेरच्या खोलीत बसते आणि आत त्या तिघी वाचतात.